पाय पोकळ आहे

महादेवराव गोष्ट सांगायला बसला की आधी हात झटकून मोकळा होतो. त्या रात्रीही त्यानं तेच केलं. "हे माह्यासंग झालं नाई बरं का. भगवंतासंग झालं. मले ठाऊक असलेला मानूस." समोर गावातली चार पोरं बसली होती. सरकारी खात्यानं यंदाही नदीच्या नव्या पाळीवर राखणदार नेमला नव्हता. म्हणून गावातल्या थोरांनी चावडीवर सभा भरवली, या चौघांच्या हातात कंदील दिले आणि स्वतः घरी जाऊन झोपले. महादेवराव तेवढा पाळीवर आला होता. झोप लागत नाही म्हणाला.

"सांगा," चौघांतला सहदेव म्हणाला, "पन तुमच्या जवानीचे पराक्रम नको."

"पराक्रम नाई त्यात," महादेवराव म्हणाला आणि त्यानं बिडी पेटवली.

सन तेहतीसचा पोळा सोमवारी होता. ही त्याच्या आदल्या रात्रीची, रविवारची गोष्ट.

त्या रविवारी भगवंत तांबडं फुटताच चांदूर बाजारला निघाला. कामं दोनच होती. बैलाच्या शिंगांना लावायचं बेगड आणायचं, आणि ओव्हरसियरच्या हातात चौथा अर्ज द्यायचा. पहिलं काम तासाभरात झालं. दुसऱ्यासाठी तो ओव्हरसियरच्या ओसरीखाली दिवेलागणीपर्यंत उभा राहिला. ओसरीवर पत्त्यांचा डाव रंगला होता आणि ओव्हरसियर दर डावाला "हा झाला की बघू" म्हणत होता.

भगवंत जातीनं माळी, वय चोवीस. बाप शालिकराम आणि तो मिळून तीन एकरांत वांगी, मिरची, शेवंती करायचे. मळा सुपली नदीच्या काठाला, गावाच्या सखल अंगाला. तिथंच माळीपुऱ्याची तीस घरं. नदी आणि ती घरं यांच्या मध्ये फक्त एक मातीची पाळ होती. पूर अडवायला सरकारनं बांधलेली, पाऊण मैल लांब, दोन पुरुष उंच, आणि माथ्यावर पावलं मोजून रोवलेले नऊ नंबरी दगड. सातव्या दगडापाशी ही पाळ घुशींनी पोखरून आतून पोकळ केली होती. भगवंताला ते माहीत होतं, आणि अर्ज तेवढ्यासाठीच होता. घरात त्याच्या बायकोला, शकुनला, नववा लागला होता.

"तू तोच ना?" डाव संपल्यावर ओव्हरसियर म्हणाला. "पायवाला?"

पत्ते खेळणारे सगळे हसले.

या पायवाल्याची कथा अशी. वऱ्हाडी तोंडात ळ टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, केळ्याचं केयं होतं आणि पाळीची पाय होते. म्हातारा नत्थुजी बावीस पावसाळे या पाळीचा सरकारी राखणदार होता. तो म्हणायचा, "पाय पायानंच पाहा लागते." आणि पाहायचाही तशीच. रात्री, अनवाणी. दहा पावलं चालायचा, थांबायचा, उजवी टाच तीनदा मातीत हाणायचा आणि कान द्यायचा. धप, धप, धप. भरीव माती आवाज गिळते, पोकळ माती परत देते. वरून पाहिलं तर पाळ नेहमी चांगलीच दिसते, वरून पाहणाऱ्याचं कधी ऐकू नको, हे त्यानं भगवंताला लहानपणापासून सांगितलं होतं. पुढं खात्यात काटकसर आली. 'पाळ दर वर्षी ठीक आढळते, सबब राखणदाराची गरज नाही,' असं वरून ठरलं. ती ठीक कोणामुळं आढळते हा प्रश्न कोणाला पडला नाही. नत्थुजी त्यानंतरही एक पावसाळा फुकट चालला आणि फाल्गुनात पाळीवरच, बसल्या जागी गेला. गावातली थोर माणसं त्याच्या मातीला आली आणि परतताना त्याला येडा म्हणाली.

वैशाखात पाहणी आली. पूर श्रावणात येतो, पाहणी वैशाखात येते. तेव्हा नदीच्या पात्रात गुरं बसलेली असतात. आणि या गावात पाहणीचा पाहुणचार आधी होतो. जानराव पाटलानं पाळ शेणानं सारवून घेतली, नऊही दगडांना चुना मारला आणि साहेबाला सावली हवी म्हणून पाळीवर मांडव घातला. घातला कुठं, तर सातव्या दगडाजवळ. तिथं माती खचून खळगा पडला होता. तो सतरंजीखाली झाकला जाईल, साहेबाच्या नजरेला येणार नाही, गावाला नाव ठेवलं जाणार नाही. ही अक्कल गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून चालवली. मांडवाची मेढ ठोकायला घेतली तर घणाचा घाव पडायच्या आधीच ती हातभर आत गेली. भर वैशाखात, चिखलात जावी तशी. तिथं उभ्या असलेल्या एकाच्याही मनात काही आलं नाही. "चांगली बसली," म्हणाले.

साहेब आला. खुर्चीत बसून त्यानं आमरस खाल्ला. पाळ पाहिली, म्हणजे बसल्या बसल्या मान डावीकडून उजवीकडं फिरवली. मग वहीत 'ठीक' लिहायला टाक उचलला, तेव्हा भगवंत पुढं झाला.

"साहेब, तुमच्या खाली पाय पोकय हाये."

साहेब पुण्याकडचा. तो दचकून उठला, खुर्चीचे चारही पाय हलवून पाहिले आणि म्हणाला, "अरे, दुसरी खुर्ची आणा." दुसरी खुर्ची आली. साहेब भगवंताला शाबास म्हणाला. मांडवात हसण्याचा जो भडका उडाला तो ओसरेना. भगवंत पुन्हा तोंड उघडणार, तोच शालिकरामानं, त्याच्या सख्ख्या बापानं, चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. "पोट्ट येडं हाये साहेब. त्या नत्थूच्या नादी लागलं होतं."

साहेबानं 'ठीक' लिहिलं.

मग भगवंतानं पहिला अर्ज केला. चौथीत शाळा सुटलेली, त्यामुळं पाळीला बोलतो तसं पायच लिहिलं. पाय पोकळ आहे, लवकर पाहावे, नाही तर जीव जातील. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अर्जदाराने सरकारी दवाखान्यात जाऊन पाय दाखवावा. हे उत्तर गावानं चावडीवर मोठ्यानं वाचून घेतलं, दोनदा. दुसरा अर्ज त्यानं मास्तरांकडून शुद्ध लिहून घेतला. त्याला उत्तर आलं की पाहणी झालेली असून पाळ ठीक आहे. तिसऱ्याला उत्तरच आलं नाही.

"साहेब, नदी चढून राह्यली," तो ओव्हरसियरला म्हणाला. "वरतं डोंगरात तीन दिस झाले पानी हाये. सातव्या दगडाजवय..."

"पूर आला का?"

"येऊन राह्यला ना."

"आला की कळव. पूर ओसरला की पाहणी होते. तसा नियम आहे."

"अन् यायच्या आंधी?"

"आधी काय पाहायचं?" ओव्हरसियरनं पत्ते पिसायला घेतले. "आधी काही झालेलंच नसतं."

अर्ज त्यानं घेतला. पानाच्या डब्याखाली ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

चार कोस चालून भगवंत पाळीच्या पहिल्या दगडापाशी पोचला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले असावेत. चतुर्दशीची रात्र. गावात पाऊस नव्हता. लोकांनी संध्याकाळीच बैलांचे खांदे शेकले, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं आणि निजून गेले. कुठं दिवा नव्हता. पाळीवरून घर जवळ पडतं म्हणून तो वर चढला. चिखल होता, म्हणून वाहणा काढून हातात घेतल्या. उजव्या हाताला, कंबरभर खाली, पाणी. एवढं वर आलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ते आवाज करत नव्हतं. नुसतं चाललं होतं.

दुसरा दगड मागं पडला आणि पुढून आवाज आला.

धप. धप. धप.

मग शांत.

भगवंताला भीती वाटली नाही. उलट हायसं वाटलं. 'लावला वाटते मानूस. शेवटी लावला.' तीन महिने जिथं तिथं स्वतःचं हसं करून घेतलं, त्याचं काही तरी झालं म्हणायचं. त्यानं हाक मारली.

"कोन हाये गा तिकडं? कंदील नाई आनला का?"

 दहा पावलं पडली. थांबली. धप, धप, धप.

भगवंत भराभर निघाला. आवाजही भराभर निघाला. तो हळू झाला, तर तोही हळू झाला. मध्ये अंतर एका दगडाचं, ते तसंच राहिलं. चौथ्या दगडापाशी खोकला ऐकू आला. कोरडा, मध्येच तोडलेला. तसं खोकणारा एकच माणूस गावात होता, आणि त्याला भगवंतानं फाल्गुनात स्वतःच्या खांद्यावरून नेलं होतं.

तो थांबला.

पुढचंही थांबलं.

"नत्थुबुवा?"

...

पाणी. नुसतं पाणी.

मागं फिरावं, तर घर पुढं होतं. शकुन पुढं होती. तो चालत राहिला. पाचवा दगड. सहावा. आवाज सातव्यापाशी गेला आणि तिथंच घुटमळला. धप. धप. धप. मग एकाएकी बंद.

भगवंत तिथं पोचला. कोणी नव्हतं. त्यानं अंधारात हात फिरवला. चुन्याचा दगड लागला. मग मेढीचं भोक लागलं. मांडव काढून तीन महिने झाले, ते भोक बुजवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं आत बोटं घातली. बोटं ओली झाली.

त्यानं श्वास धरला. उजवी टाच उचलली. एकदा हाणली.

ठम.

आणि खालून... पाळीच्या आतून... बरोबर त्याच्या टाचेखाली...

ठम.

 त्यानं दुसरी टाच मारली नव्हती. तरी आतून आली. ठम. ठम. ठम. आता घाईनं. आतल्यानं दार ठोठावावं तशी.

तो उताराला लोळतच गावाच्या बाजूनं खाली आला. पायथ्याशी घोट्यापर्यंत चिखल होता. हातानं चाचपलं तर मनगटाएवढी धार लागली. ओंजळ भरून नाकाशी नेली. मातीचा वास. नत्थुजी सांगायचा, पायथ्याला निवळ पाणी आलं तर खुशाल झोप, गढूळ आलं तर पळ, म्हणजे नदी पाळीतली माती घेऊन चालली.

शकुन दारातच बसली होती.

"कवाचं कोनी चुलीखालून टाच मारून राह्यलं," ती हळूच म्हणाली. "मामाजीले सांगतलं, तं मने उंदीर हाये."

भगवंत आत गेला. शालिकराम बाजेवर पडला होता.

"बा, ऊठ. पाय फुटून राह्यली. गढूय पानी लागलं."

शालिकराम उठून बसला, पण बाजेवरून उतरला नाही. "साहेबानं पाह्यलं ना."

"बा, मी आत्ता हात घालून आलो."

"साहेब त्याच जाग्यावर बसला होता. अडीच मनाचा मानूस, दुपारभर बसला. खचली का? तुह्या हातापरीस साहेबाचं बूड खरं." एवढं बोलून तो कूस बदलून पडला.

भगवंत शेजारी गेला, त्याच्या शेजारी गेला. कोणी आतूनच विचारलं, पाणी दारात आलं का? नाही ना? मग सकाळी पाहू. कोणी म्हणालं, तुझ्या बापाला विचार. एक म्हातारा तर म्हणाला, चाळीस वर्षं झाली, एकदाही फुटली नाही, म्हणजे फुटत नसते. चढ चढून तो पाटलाच्या वाड्यापाशी गेला. जानराव पाटलानं दार उघडलं नाही, खिडकी उघडली.

"काय बे, दवाखान्यात गेलता का नाई?"

"पाटील, हात जोडतो. मायीपुरा वर आना."

"उद्या पोया हाये. रातच्याला गाव उठवशीन तं खांबाले बांधून घालीन." खिडकी लागली.

भगवंत गल्लीत उभा राहिला. त्याला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. ही माणसं पाण्याला उठत नव्हती. शकुनसारखं त्यांच्याही चुलीखाली वाजत असणार, तर ती उंदीर म्हणून कूस बदलत होती. बायको नवव्या महिन्यात, आणि तिच्या डोक्यावर दोन पुरुष उंच नदी. एकट्या तिला घेऊन चढ चढावा, बाकीच्यांचं त्यांना लखलाभ, असंही मनात आलं. मग वाटलं, हे कशाला उठतील? आजवर कशाला उठले?

त्यानं तोंडाशी हात धरले आणि दवंडीवाल्याचा आवाज काढला.

"साहेब आला हो. पाहनी आली. मारुतीच्या ओट्यावर दमनी सोडली. डोकी मोजून राह्यले, बायापोरं सगये पाह्यजेत. जो दिसनार नाई त्याचं नाव लिहून घेनार हो."

पहिलं दार उघडलं. मग दुसरं. मग सगळीच. धोतर सावरत, पागोटं गुंडाळत, पोरांना बखोटीला धरून माणसं पळाली. दोन वर्षं अंथरुणावरून न उठलेली एक म्हातारी मुलाच्या पाठीवर बसून आली. रात्री बारा वाजता कसली पाहणी, हे एकानंही विचारलं नाही. साहेबाला वेळ विचारायची नसते. पाटील कोट चढवून आला, गुंड्या चुकलेल्या. पाव घटकेत माळीपुरा मोकळा झाला.

"खरंच साहेब आला?" शकुननं विचारलं.

"नाई."

"मंग चला," ती म्हणाली, आणि पोटाखाली हात धरून चढ चढू लागली.

मारुतीचा ओटा गावाच्या सगळ्यात उंच जागी. तिथं दमणी नव्हती, तिचे बैल नव्हते. माणसं रांगेत उभी राहिली होती, ती हळूहळू एकमेकांकडं पाहायला लागली. मग शिव्या सुरू झाल्या. पाटलानं काठी उचलली.

"साहेब कोठी हाये बे?"

"तिकडं," भगवंत म्हणाला आणि त्यानं अंधारात नदीकडं बोट केलं.

काठी खाली यायच्या आत शकुन बोलली. "मामाजी कोठी हायेत?"

गर्दीत शोधाशोध झाली. शालिकराम नव्हता. मग पाटलाच्या मागं उभा असलेला एक जण चाचरत बोलला. शालिकराम त्याला वाटेत भेटला होता. बाजेवरची सतरंजी खांद्यावर घेऊन उलट्या दिशेनं चालला होता. "साहेब पाहनीले आला तं सातव्या दगडाजवयचा खड्डा दिसन मने. झाकून येतो मने."

भगवंत पळाला. दहा पावलंही गेला नसेल, चौघांनी त्याला धरलं. तीन महिने ज्यांना त्याच्याबरोबर सातव्या दगडापर्यंत येणं जमलं नव्हतं, ते चौघं आता त्याला घट्ट धरून होते. जाऊ नको, मरशील, म्हणत होते. आता त्यांना सगळं पटलं होतं.

"बा..." भगवंतानं हाक मारली. ती पाण्यावर गेली आणि परत आली नाही.

मग पाळीकडून आवाज आला.

धप. धप. धप.

ओट्यावरचं माणूस न् माणूस गप्प झालं. तो आवाज सगळ्यांना ओळखीचा होता. बावीस वर्षं त्याच आवाजात झोपले होते.

थोडं थांबून पुन्हा आला. धप. धप. धप. या वेळी त्याच्या मागून आणखी एक टाच पडली. जड. नवखी. चुकत, अडखळत, उशिरानं पडणारी. कोणी समोर उभं राहून शिकवावं आणि दुसऱ्यानं तसं करून पाहावं, तशी.

एक बाई रडायला लागली. तिला कोणी गप्प केलं नाही.

दोन टाचा. दहा पावलं. दोन टाचा. दहा पावलं.

तासभर. दोन तास.

भगवंत धरणाऱ्यांच्या हातात तसाच उभा होता. शकुन त्याच्या पायाशी बसली होती.  पाटलानं काठी खाली ठेवली होती. कोटाची एक गुंडी तो लावत होता... काढत होता... लावत होता.

पहाटे पहाटे एक टाच बंद झाली.

मग दुसरी.

मग नदी आली.

...

"फुटली?" चार पोरांतल्या एकानं विचारलं. 

फुटली. सहाव्यापाशी फुटली आणि आठव्यापाशीही फुटली. माळीपुऱ्याची तीस घरं अर्ध्या घटकेत गेली. मळे गेले. वांग्याचं एक झाड राहिलं नाही. ओट्यावर आलेला माणूस मात्र एकही गेला नाही. एवढी पोखरलेली पाळ पहाटेपर्यंत कशी थांबली, हे पुढं कोणालाही सांगता आलं नाही. पूर ओसरल्यावर, पाचव्या दिवशी, नियमाप्रमाणं पाहणी झाली. ओव्हरसियर आला, काठावर उभा राहिला आणि त्यानं वहीत लिहिलं, 'पाहणी केली. पाळ आढळली नाही.'

ते पूर्ण खरं नव्हतं. मधला, बैलगाडीएवढा, एक ढिगारा तेवढा जागेवर राहिला होता. दोन्ही बाजूंनी नदी गेलेली, आणि मध्ये सातव्या दगडाचा तुकडा. त्यावर शालिकराम पालथा पडलेला. एक हात खांद्यापर्यंत मेढीच्या भोकात, आणि भोवती सतरंजी कोंबलेली, इतकी घट्ट की कुदळीनं काढावी लागली. तो खड्डा झाकायला गेला होता आणि भोक बुजवून राहिला, की त्या हाताला आतून कोणी धरून ठेवलं, यावर गाव आजही भांडतं. भगवंत भांडायला थांबला नाही. शकुन रिद्धपूरला माहेरी बाळंत झाली, तिकडूनच तो तिला घेऊन मोर्शीकडं गेला. संत्र्याच्या बागेत मजुरी करतो म्हणे. गावातल्या कोणाला त्यानं बोल लावला नाही. बोलला फक्त एकाशी, एका रात्रीत सगळं सांगून गेला.

सहदेव इतका वेळ कंदिलाची वात कमीजास्त करत होता. त्यानं ती सोडली.

"महादेवबुवा, ते मेढ कोनं ठोकली होती?"

महादेवरावानं नदीकडं तोंड फिरवलं.

"पाटलाच्या हाताखाली तवा तुमीच होते ना?"

"व्हय."

"चांगली बसली, असं बी तुमीच मनले?"

बिडी कधीच विझली होती. महादेवरावानं ती तरी ओढली. "म्याच ठोकली," तो म्हणाला. "म्याच मनलो. हातात कयलं होतं मले. मानसाच्या हातात कयते. पन सगये मोठे मानसं उभे होते तिथं... कोन बोलन."

 सहदेवानं कंदील आपल्याकडं ओढला.

"अन् शालिकरामाचा तो हात..." महादेवराव म्हणाला. "तो बाहेर काढाले बी मीच होतो. भगवंताच्यानं पाहवे ना. मूठ मिटलेली होती. चार दिस त्याच्यावरून नदी गेल्ती, अंगाचं काय झालं असन तुमीच समजा. म्या एकेक बोट सोडवलं. आत माती होती."

"मंग? मातीच असन ना," एक पोरगं म्हणालं.

"कोरडी होती," महादेवराव म्हणाला. "भुगा. अन् माह्या तयहातावर पडली... तं गरम."